वजन कमी करून न देणाऱ्या डाएटिशियनचा रिव्ह्यू: 10 महिने, 12 सेशन्स

ज्यांना आधी आकडे लागतात त्यांच्यासाठी सुरुवातीलाच सांगून टाकते. गेल्या वर्षी जूनमध्ये ही ऑनलाइन सर्व्हिस सुरू केली तेव्हा माझं वजन 68 किलो होतं, उंची 155 सेंटिमीटर. या एप्रिलमध्ये डॉक्टरांकडे केलं तेव्हा 71 भरलं. म्हणजे 10 महिन्यांत 3 किलो वाढलं, 12 सेशन्सचे 18,000 रुपये गेले, आणि तरी मी 5 पैकी साडेचार स्टार देतेय, अगदी मनापासून देतेय. अर्धा का कापला तेही पुढे लिहिलंय.

मॅडमनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय, त्या एकट्याच काम करतात आणि आत्ता नवीन कुणाला घेत नाहीयेत. पण डाएट प्लॅन न देता काम करणाऱ्या डाएटिशियन आता आपल्याकडे आहेत, ऑनलाइन शोधलं की सापडतात, त्यामुळे हा रिव्ह्यू एका बाईंचा न समजता या प्रकारच्या सर्व्हिसचा समजा.

मी तिथे का गेले ते आधी. मागच्या मे महिन्यात सुट्टीत आईकडे नाशिकला होतो. रात्री आई सगळ्यांना वरणभात वाढत होती आणि माझ्या लेकीने ताटावर हात आडवा धरला. "आजी, मला नको, रात्री भात खाल्ला की पोट सुटतं." अकरा वर्षांची पोर, फ्रॉकमधून खांद्याची हाडं दिसतात अशी अंगकाठी, आणि तिच्या तोंडी माझं वाक्य, शब्दन् शब्द माझं. आईने एकदा माझ्याकडे बघितलं, बोलली काहीच नाही, पातेलं घेऊन आत गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. पंधरा वर्षं मी स्वतःला जे जे बोलत होते ते कुणीतरी शेजारी बसून ऐकत होतं हे मला तोवर कळलंच नव्हतं.

पंधरा वर्षं म्हणजे तेविसाव्या वर्षापासून. पहिलं स्थळ आलं, बघून गेले, आणि मध्यस्थांकडून निरोप आला की मुलगी छान आहे, थोडी बारीक झाली असती तर. तेव्हा मी 54 किलोची होते. परवा ते फोटो काढून बघितले, चांगली ठेंगणीठुसकी हसरी मुलगी दिसते त्यात, आणि मला आठवतंय की त्या दिवशी मी स्वतःला हत्तीण समजत होते. तिथून सुरू. कोबीचं सूप सात दिवस, मग कीटो, मग 16 तास उपाशी आणि 8 तास खायचं, मध्ये ऑफिसमध्ये सगळ्यांचं दोनच वेळा जेवायचं की दर दोन तासांनी खायचं यावरून दोन गट पडले होते तेव्हा मी आधी एका गटात आणि चार महिन्यांनी दुसऱ्या गटात. एका सेंटरचं पॅकेज घेतलं होतं 22,000 चं, तिथे दर शनिवारी सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचायचे. शुक्रवारी रात्री मी पाणीसुद्धा प्यायचे नाही. दरवेळी 5-6 किलो उतरायचे, लोक "वा, काय मेंटेन केलंय" म्हणायचे, आणि वर्षभरात ते परत यायचे आणि येताना एखाद-दुसरा जास्तीचा घेऊन यायचे. आणि मी म्हणायचे माझ्यातच काही दम नाही, बाकीच्यांना जमतं मला जमत नाही. ऑफिसमध्ये आख्खा विभाग मी सांभाळते, सासऱ्यांच्या आजारपणात तीन महिने हॉस्पिटल आणि घर केलं, पण स्वतःबद्दल विचारलं तर माझ्या डोक्यात एकच यायचं, हिला खाण्यावर कंट्रोल नाही.

तर पहिलं सेशन. तासाभराचं, व्हिडिओ कॉल. मी वही घेऊन तयार, त्यात आठवड्याभराचं खाणं कॅलरीसकट लिहिलेलं. मॅडमनी वजन विचारलंच नाही. कुठली औषधं चालू आहेत, पाळी नियमित आहे का, झोप किती, घरात कुणाला शुगर आहे का, हे सगळं व्यवस्थित विचारलं आणि मग म्हणाल्या, "तुम्हाला काय खायला आवडतं?" आणि मला उत्तर देता येईना. मी म्हटलं मला ओट्स चालतात, त्या म्हणाल्या चालतात नाही हो, आवडतं काय. मी गप्प. चाळिशीला आलेल्या बाईला आपल्याला काय आवडतं ते आठवू नये याचं मला इतकं वाईट वाटलं की मी कॅमेरा बंद केला दोन मिनिटं. त्या थांबल्या. घाई केली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आधीच्या सगळ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत हातात प्रिंटआउट मिळायचा.

ही जी पद्धत आहे तिला इंट्यूइटिव्ह ईटिंग म्हणतात, दोन अमेरिकन डाएटिशियन बायकांनी ती 1995 मध्ये मांडली. दहा तत्त्वं आहेत पण मॅडमनी ती कधी एकदम वाचून दाखवली नाहीत, गरज पडेल तसं एकेक काढलं. साधं म्हणजे भूक लागली की खायचं, पोट भरलं की ओळखायचं, कुठलाही पदार्थ पाप नाही, आणि आपल्या शरीराशी नीट वागायचं, ते आवडत नसलं तरी.

दुसऱ्या सेशनमध्ये त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटलेय. 1944 मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुण घेतले. ही मुलं युद्धात लढायला तत्त्वासाठी नकार दिलेली, स्वतःहून प्रयोगात आलेली. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना परत नीट कसं खायला घालायचं हे शोधायचं होतं म्हणून आधी या मुलांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं, रोज 1,800 कॅलरींच्या आत, बटाटे, शलगम, ब्रेड, मॅकरोनी असलं काहीतरी. वजन साधारण पाव हिश्श्याने उतरलं. पण मला धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. ही मुलं दिवसरात्र जेवणाबद्दल बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटातला घास तासन्‌तास पुरवून खायची, चिडचिडी झाली, उदास झाली, मित्रांत मिसळेनात. आणि नंतर जेव्हा हवं तेवढं खायला दिलं तेव्हा पोट गच्च भरलं तरी भूक भागेना, कित्येक आठवडे. त्या आधी ठणठणीत, आनंदी मुलं होती सगळी.

मी मॅडमना म्हटलं, पण मॅडम, मला तर 1,200 कॅलरीचा प्लॅन दिला होता. त्या म्हणाल्या, बाईची गरज पुरुषापेक्षा कमी असते हे खरंय, पण तुम्ही रात्री अकरा वाजता रेसिपीचे व्हिडिओ का बघत बसायच्या ते आता कळलं ना. कळलं. मी डाएटवर असताना तासन्‌तास केकचे व्हिडिओ बघायचे आणि दिवाळीत फराळाच्या डब्यापाशी अंधारात उभी राहून चकल्या खायचे, लाइट न लावता, मोडताना आवाज होऊ नये म्हणून आधी तोंडात मऊ करून. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. हा लोभ नव्हता, हावरटपणा नव्हता, उपाशी ठेवलेल्या माणसाचं शरीर असंच वागतं, त्या 36 मुलांचंही तसंच वागलं. एवढं एक वाक्य मला पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

तिसऱ्या सेशनचा होमवर्क होता रात्री भात खायचा. आठ वर्षं मी रात्री भात खाल्ला नव्हता. मॅडमच्या सूचना एवढ्याच, ताटात वाढून घ्या, बसून खा, टीव्ही-मोबाइल बंद, आणि कसा लागतो ते मला सांगा. मी आंबेमोहोर आणला, थोडा आसट शिजवला, वर मेतकूट, साजूक तूप, मीठ, बाजूला लिंबाचं लोणचं. पहिला घास घेतला आणि मला एकदम माझ्या आजीचं स्वयंपाकघर आठवलं, तापातून उठल्यावर ती असाच कालवून भरवायची. निम्म्यात माझं पोट भरलं. मला खरंच वाटेना, मी थांबून बघितलं, पण भरलं होतं, आणि मला उरलेला नको होता. आठ वर्षं मला वाटत होतं की भात समोर आला तर मी पातेलं संपवीन. लेक समोर बसली होती, म्हणाली मला पण दे. मी काहीही न बोलता वाढलं.

पण हे वाचून सगळं असं छान छानच झालं असं समजू नका. पुढचे दोन-अडीच महिने कठीण गेले आणि इथेच माझा अर्धा स्टार कापलाय. सगळं खायची परवानगी मिळाल्यावर मी खरंच सगळं खाल्लं. श्रावणात पुरणपोळ्या, गणपतीत मोदक, रोज संध्याकाळी वडापाव नाहीतर वेफर्स, कधी कधी पोट दुखेपर्यंत. कपडे घट्ट व्हायला लागले, मी रडले, दोन सेशन्स बुडवली, मॅडमना मेसेज केला की तुमच्यामुळे माझी वाट लागली. त्या शांतपणे म्हणाल्या की हे बहुतेकांचं होतं, शरीराला अजून विश्वास बसला नाहीये की उद्या परत बंदी येणार नाही. बरोबर होतं त्यांचं, ऑक्टोबरपर्यंत वेफर्सचं पाकीट ओट्यावर तीन-तीन दिवस पडून राहायला लागलं, फोडलेलं. पण ही गोष्ट त्यांनी आधी, पहिल्याच सेशनमध्ये, ठळकपणे सांगायला हवी होती. मी मध्येच सोडून पळून गेले असते तर परत कुठल्यातरी सेंटरच्या काट्यावर जाऊन उभी राहिले असते.

दुसरी तक्रार म्हणजे वर्कशीट्स सगळी इंग्रजीत आणि उदाहरणं परदेशी, बेगल आणि पीनट बटर सँडविच. आमच्याकडे प्रश्न असतो की सासूबाई चतुर्थीचा उपास धरायला सांगतात तेव्हा काय करायचं, लग्नात पंगतीत आग्रह झाला तर नाही कसं म्हणायचं. मी सांगितल्यावर त्यांनी मराठीत करून दिली काही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. संध्याकाळी सातनंतरचे स्लॉट मिळत नाहीत, नोकरीवाल्यांना ते अवघड पडतं. आणि 18,000 ही रक्कम छोटी नाही, मी दोन हप्त्यांत दिली.

आता तब्येतीचं, कारण मी हे सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो, मग शुगर-बीपीचं काय. रास्त प्रश्न आहे, माझ्या आईला डायबेटिस आहे. मॅडमनी सुरुवातीलाच डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून आणायला लावली, त्याशिवाय पुढे जाणार नाही म्हणाल्या. माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा रक्तातला आकडा, 5.8 होतं, म्हणजे काठावरचं. मी घाबरून म्हटलं बघा, वजन कमी करायलाच हवं. तेव्हा त्यांनी मला एक फोटो दाखवला, 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. युडकिन, दोघं शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त, हा आपल्या भारतीय शरीरांचा प्रकार, म्हणून तर आपल्याकडे जास्त वजनाची रेघ 25 ऐवजी 23 बीएमआयला ओढतात. मॅडम म्हणाल्या याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्या. शुगरकडे दुर्लक्ष करायचं नाही, आपल्याला धोका आहेच. पण नुसत्या काट्यावरून माणूस आतून कसा आहे ते कळत नाही हेही तितकंच खरं, ऑफिसमधली बारीक मैत्रीण निर्धास्त राहते आणि तिचीही तपासणी व्हायला हवी. बीएमआयचं सूत्र 1830 च्या दशकात केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने काढलं, लोकसंख्येची सरासरी बघायला, तो डॉक्टरही नव्हता. आणि त्याला बीएमआय हे नाव 1972 मध्ये दिलं ते त्याच अँसल कीजने, ज्याने ती 36 मुलं उपाशी ठेवली होती. मला हे ऐकून कसंसंच झालं.

मग आम्ही वजन बाजूला ठेवून कामं ठरवली. जेवणात उसळ किंवा डाळ घट्ट, भाजी भरपूर, जेवण चुकवायचं नाही, रात्री जेवून वीस मिनिटं चालायचं, झोप सात तास. चालणं मी आधी शिक्षा म्हणून करायचे, खाल्लेलं जाळायला. आता लेक आणि मी कॉलनीला तीन फेऱ्या मारतो, ती शाळेतलं सांगते. मार्चमध्ये एचबीएवनसी 5.7 आलं. फार मोठा फरक नाही, चमत्कार म्हणून सांगत नाहीये, पण वाढलं नाही, बीपी नॉर्मल आहे, आणि जिना चढताना मी मध्ये थांबत नाही. ज्यांना डायबेटिस आहे, किडनीचा त्रास आहे, किंवा जे खाऊन मुद्दाम उलटी काढतात, दिवसेंदिवस जेवत नाहीत, त्यांनी मात्र आधी डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठा, हे मॅडमनी स्वतः सांगितलंय. अशी सर्व्हिस घेताना एवढं विचारा की बाईंची पदवी काय, त्या तुमच्या डॉक्टरांशी बोलायला तयार आहेत का, आणि वजन कमी होईल असं आश्वासन देतायत का. देत असतील तर ती तीच जुनी दुकानं, पाटी नवीन.

लोकांचं बोलणं थांबलं का, तर नाही. आपल्याकडे कुणी भेटलं की पहिलं वाक्य शरीरावरच असतं, "किती सुटलीस गं", "तब्येत सुधारली वाटतं", "लग्नात कशी होतीस आणि आता". म्हणणाऱ्याच्या मनात दर वेळी वाईट असतं असं नाही, चहा घेतला का विचारावं तसं विचारतात, पण लागतं ते लागतंच. मॅडमनी माझ्याकडून वाक्यं पाठ करून घेतली, अक्षरशः, रोल प्ले करून. गणपतीत नणंदेने सगळ्यांसमोर म्हटलं, वहिनी, तिसरा मोदक? तर मी म्हटलं, "हो वन्सं, छान झालेत, तुम्हीही घ्या." हात थरथरत होता माझा, पण खाल्ला, तूप घालून. सासूबाई मात्र या सगळ्यात मला अनपेक्षितपणे साथ द्यायला लागल्या. एकदा रात्री म्हणाल्या, "मी पण तुझ्या सासऱ्यांच्या आईला घाबरून कधी पोटभर जेवले नाही गं." त्यांचं वय 71.

सगळ्यात अवघड होमवर्क कपड्यांचा निघाला. माळ्यावर माझी एक बॅग होती, "बारीक झाल्यावर घालीन" अशा कपड्यांची. बारा वर्षांत ती तीनदा घर बदलताना आमच्याबरोबर आली. मॅडम म्हणाल्या, आत्ताच्या शरीराला बसतील असे कपडे हा काही बक्षीस म्हणून मिळायचा माल नाही, आज लागतात ते आज घ्या. मी बॅग उघडली. जीन्स वाटून टाकल्या, कुर्ते वाटून टाकले. ब्लाउज देववेनात, त्यात माझ्या लग्नातल्या पैठणीचा होता, मोरपंखी. अल्बम काढून बघितले तर लग्नानंतरच्या फोटोंत मी जवळजवळ नाहीच, सगळ्या सहलींचे, वाढदिवसांचे फोटो मी काढलेत, मुद्दाम, म्हणजे मला कुणी काढू नये. लेकीच्या पाचव्या वाढदिवसाच्या 140 फोटोंत माझा एक हात दिसतो केक धरलेला.

फेब्रुवारीत मावसभावाचं लग्न होतं. मी तो ब्लाउज घेऊन आमच्या टेलरकाकांकडे गेले, आणि आधीच म्हणून टाकलं की काका, मी पूर्वीची राहिले नाही, नवीनच शिवा, याच्यात काही होणार नाही. लेक सोबत होती. काकांनी चष्मा वर केला, ब्लाउज उलटा केला, दोन्ही बाजूंच्या शिवणींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नवीन कशाला, ताई? आत माया भरपूर ठेवलीय. दोन्हीकडून उसवून देतो, शनिवारी न्या."

साठ रुपये घेतले. लग्नात फोटो लेकीने काढला, मग फोन मामाकडे दिला आणि धावत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.